मधला शब्द

एकदा काय झालं, सकाळी बरोबर सव्वासातला भिवराला मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावेल अशी. त्याच वेळी तिच्या नवऱ्याने परसात वांग्याचं रोप लावलं.

आता गंमत ऐका. भिवराच्या गावात एक राजा होता, आणि शब्द होते दोनच, जगलं आणि मेलं. मधलं काही नव्हतंच. नवं रोप उन्हात मान टाकायचंच, बरं का. पण लोक म्हणायचे, मेलं. की लगेच उपटायचे. म्हणून त्या गावात वांग्याचं भरीत कुणी खाल्लंच नव्हतं. राजानेसुद्धा नाही. आणि बाळ जगलं म्हटल्याशिवाय पाळणा बांधायचा नाही, असा रिवाज.

मग दुपारी पोर दूध ओढेना, आणि रोपाने मान टाकली. सासू उपटायला वाकली.

भिवरा म्हणाली, "आत्याबाई, ऊन तरी उतरू द्या."

"मेल्याला काय ऊन न् काय सावली," सासू म्हणाली. पण थांबली. संध्याकाळी रोप उभं.

दुसऱ्या दुपारी रोप पुन्हा आडवं. भिवरा पोरीला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. सासूनेच रोपावर पळसाचं पान ठेवलं. म्हणाली, "मी काही म्हणत नाही."

तिसऱ्या दुपारी राजाचा दवंडीवाला आला, पोरीची खबर गावभर सांगायला. "बोल गं, पोर जगलं की मेलं?"

भिवराला खोटं बोलवेना, आणि दुसरा शब्द तोंडातून निघेना. डोळे भरून आले. तेवढ्यात पळसाच्या पानाखालून बारीक आवाज आला.

"सांग की, तग धरलाय."

"म्हणजे काय?" दवंडीवाल्याने खाली वाकून विचारलं.

रोप म्हणालं, "मान खाली आहे, पण मुळं सुटलेली नाहीत. आता विचारत बसू नका. पाणी घाला, सावली करा."

मग दवंडीवाला तेच ओरडत गावभर गेला. लोकांनी उपटणं सोडलं. तापातल्या म्हातारीला पेज मिळू लागली, तिने तग धरला. जुन्या छपराला टेकू मिळाला, त्यानेही पावसात तग धरला. राजाच्या लंगड्या घोड्याला गूळ मिळू लागला.

मग एका सकाळी पोर आईला पिऊ लागलं. पाळणा बांधला. नाव ठेवलं तगूबाई. रोपाला वांगी लागली, राजाने भरीत खाल्लं आणि आणखी एक भाकरी मागितली. सगळी सुखाने नांदली.

चला, मिटा डोळे. आणि हो, शेजारच्या रुंजाचं वासरू परवापासून उठत नाही ना? सकाळी जाऊन त्याला एवढा शब्द सांगून या.