करड्या कुणीकडे भुंकला

पूर्वी नीरवपुरात सुखसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभारणीच्या दारी कुत्रा होऊन जन्मला. त्याचे नाव करड्या. कुंभारणीचे नाव भद्रिका. तिला नवरा नाही, मूल नाही; घरात आपला म्हणावा असा हा करड्याच.

सुखसेनाची झोप भारी नाजूक. म्हणून त्याने दवंडी पिटवली होती, की नगरात जो कुत्रा भुंकेल त्याला काठीने ठार करावे. नदीपलीकडच्या गर्जनपुराचा राजा चोरांना भ्यालेला. तिथे उलटा न्याय. परका दिसूनही जो कुत्रा गप्प बसेल तो माराचा धनी. बिचाऱ्या कुत्र्यांनी करावे तरी काय? नीरवपूरच्या लोकांनी मग तोड काढली. सकाळी कुत्री नावेत घालायची, पैलतीरी नेऊन मनसोक्त भुंकवायची आणि गपगार झाली की परत आणायची.

भद्रिकाही मडकी विकायला जाताना करड्याला नेई. हा पठ्ठ्या मात्र उगाच भुंकत नसे. गर्जनपूरच्या वेशीवरचा पहारेकरी डोळे वटारू लागला, की ती घाईने खाली वाके. "अरे, भुंक की मेल्या!" ती त्याच्या कानात म्हणे. एकदा तर रांजणात तोंड घालून तिने स्वतःच भुंकून वेळ मारून नेली. नीरवपुरात परतले की दुसरा घोर लागे, इथे भुंकला तर? तिच्या जिवाला घडीभर थारा नसे.

एके दुपारी राजा वामकुक्षी घेत होता आणि करड्या अंगणात अचानक उत्तरेकडे तोंड करून भुंकू लागला. भद्रिकेने धावत जाऊन त्याचे तोंड दाबले, पण शिपाई आलेच. दोघांना राजापुढे उभे केले.

"कुणाचं कुत्रं भुंकलं?" राजाने डोळे चोळत विचारले.

"कुत्रं नाही भुंकलं, महाराज," भद्रिका म्हणाली. "मी भुंकले."

"तू? मग दाखव भुंकून."

ती भर दरबारात भुंकली. मंत्री पोट धरून हसले, राजालाही हसू आवरेना. दवंडीत माणसांविषयी काही नव्हते. "जा, घेऊन जा तुझं कुत्रं," तो म्हणाला.

भद्रिकेचा जीव भांड्यात पडला. आता करड्या नुसता गप्प राहिला असता, तर म्हातारा होऊन सुखाने मेला असता. हे त्यालाही कळत होते. पण नगराला पुरापासून राखणाऱ्या उत्तरेच्या बंधाऱ्यातून पाणी झिरपताना त्याने ऐकले होते. उंदरांनी पोखरलेली ती माती फार वेळ टिकणार नव्हती. त्याने विचार केला, 'ही खोटे बोलली ती मायेने. पण मी गप्प राहिलो, तर हिच्यासकट सारे नगर बुडेल.' तो तिच्या हातातून निसटला, उत्तरेच्या खिडकीकडे तोंड केले आणि भुंकला.

"नको रे!" भद्रिका किंचाळली. काठी पडली. तो धडपडत उठला आणि पुन्हा तिकडेच पाहून भुंकला. पुन्हा काठी पडली. मग त्याला आवाज फुटेना, तरी मान त्याच बाजूला वळलेली होती.

"महाराज, हा तुमच्यावर नाही भुंकत!" ती शिपायाच्या आड येत ओरडली. "तिकडं बंधारा आहे!"

राजाची झोप खाडकन उतरली. कुदळी, पाट्या घेऊन लोक धावले. बंधाऱ्याला भगदाड पडू लागले होते; संध्याकाळपर्यंत माती घालून त्यांनी ते बुजवले. नगर वाचले. करड्याने तोवर भद्रिकेच्या मांडीवर प्राण सोडला होता.

दुसऱ्या दिवशी राजा पायी कुंभारवाड्यात आला. "बाई, हवं ते माग," तो म्हणाला.

भद्रिकेचे डोळे रडून सुजले होते. "माझं गेलं ते तुम्हाला देता यायचं नाही," ती म्हणाली. "एवढंच करा. कुणाचं कुत्रं भुंकलं, तर काठी उचलण्याआधी ते कुणीकडं तोंड करून भुंकतंय, तेवढं बघत जा."

राजाला मान वर करवेना. जुनी दवंडी त्याने त्याच दिवशी मागे घेतली.

भिक्षुसंघाला ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ध्यानात अडथळा नको म्हणून खोकणाऱ्या आजारी सोबत्याला कुटीबाहेर घालवणारा हा आपला बंधू, तोच तेव्हाचा सुखसेन. त्या आजाऱ्याला घरी नेऊन पेज पाजणारी उपासिका ही भद्रिका. आणि करड्या म्हणजे मीच." मग ते त्या भिक्षूकडे वळून शांतपणे म्हणाले, "जिवावर बेतले तरी खरे ते सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा होय. ऊठ, आजाऱ्याला परत घेऊन ये."