अकरा पाट्या गाळ

एका गावात एक तळं होतं आणि त्या तळ्याची एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की प्रत्येक घराने तळ्यातून अकरा पाट्या गाळ काढायचा आणि मुळं-शेवाळासकट आपल्या शेतात टाकायचा.

एका वर्षी तळं कमळांनी भरलं. गाव हरखलं. पाटील म्हणाले, "यंदा गाळ राहू द्या. कमळं उपटली जातील."

तळ्यातले मासे धरून पोट भरणारी एक भोईण होती. ती म्हणाली, "पाटीलबाबा, फुलं वर दिसतात, पण पानं कुजून खालीच बसतात. तळं उथळ होईल."

"आत्ये, तुझं जाळं देठांत अडकतं ना, म्हणून बोलतेस!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"अडकतंच की. खोटं कशाला बोलू?" भोईण म्हणाली. तिने आपल्या अकरा पाट्या काढल्या. पुढेही दरवर्षी काढल्या, पण एकटीनेच.

काही वर्षांनी पाणी कमरेएवढं उरलं. कमळं हटली, काठाचं पाणकणीस आत सरकलं. लोकांनी त्याच्या चटया विणल्या. "बघ आत्ये, फायदाच झाला!"

पाणकणीसही कुजलं, गाळ वाढला. मग लव्हाळा आला, त्यामागून गवत. "आता तर दारातच चारा!" भोईणीची होडी चिखलात रुतली ती कायमचीच. पाटलांनी त्या होडीचीच गुरांसाठी गव्हाण केली.

शेवटी तिथे बाभळी उभ्या राहिल्या. त्या उन्हाळ्यात तळ्याच्या पाझरावर भरणाऱ्या गावच्या विहिरी पहिल्यांदाच कोरड्या पडल्या.

बाभळींखाली गाव जमलं. म्हातारे झालेले पाटील कडाडले, "तळं बुजवलं कोणी? आम्ही तर एक पाटीही माती टाकली नाही!"

भोईण आता वाकली होती. कमरेवर तीच जुनी पाटी होती.

"टाकली नाही, खरंय बाबा," ती म्हणाली. "पण काढलीही नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. पाटलांनी तिच्या कमरेवरची पाटी घेतली आणि ते माती काढायला खाली बसले. पण जमीन दगडासारखी घट्ट झाली होती. आता पाटीने भागणार नव्हतं. आधी कुऱ्हाडी लागणार होत्या, मग कुदळी, आणि मग कितीतरी उन्हाळे.

तात्पर्य: तळं एका दिवसात कोणी बुजवत नाही, 'यंदा राहू द्या' म्हणणारे सगळे मिळून ते बुजवतात. आपल्या वाट्याची पाटी आजच उचला.