चौकातला नवा दगड

फार वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या एका छोट्या बाजारगावाच्या चौकात फरशीचा एक नवा दगड बसवला. गाड्यांच्या चाकांना तो इतका घाबरायचा, की अंग चोरून चोरून शेजाऱ्यांपेक्षा खाली खचला. मग काय, दर गुरुवारी बाजाराला येणारं प्रत्येक चाक नेमकं त्याच्यावरच धाडकन आदळायचं.

एकदा त्या धक्क्यानं लोणीवाल्या वाल्ट्राउडबाईंच्या गाडीतलं मडकं फुटलं. "हा मेला दगड उपटून नदीत फेकायला लावते," त्या करवादल्या.

शेजारचा म्हातारा दगड म्हणाला, "लेका, आमच्या बरोबरीनं वर ये."

"आजोबा, मग चाक आणखी जोरात लागेल."

"येऊन तर बघ."

पुढच्या गुरुवारी तो डोळे मिटून वर सरकला आणि वाट बघत राहिला. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "आजोबा, गाड्या कधी येणार?"

"सगळ्या येऊन गेल्या, लेका. वाल्ट्राउडबाई तर गाणं गुणगुणत गेल्या."