भुईचाफ्याचे तीन कंद

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी भागू नावाची एक माळीण राहायची. तिची एकुलती एक लेक बायजा. असेल तुझ्याएवढीच, शमे. त्यांच्या परसात भुईचाफा होता. दसरा सरला, पानं सुकली, की भागू कंद काढायची, निवडायची आणि पुन्हा लावायची. पण एक कंद जागच्या जागी सोडायचा, भुईचा वाटा म्हणून. तशी रीतच होती, बरं का.

त्या साली भागूला हाव सुटली. तिनं शेवटचा कंदही उपटला. मग काय! खड्ड्यातून एक मातकट हात वर आला. मुळ्यांसारखी लांब बोटं. त्यानं भागूचा पाय धरला आणि तिला आत ओढलं. "बायजे!" एवढंच ती ओरडली आणि भुई मिटली. हसू नकोस रे गणू, मला सांगतानासुद्धा धडकी भरते.

बायजा तिथंच लोळण घेऊन रडली. मग खालून घोगरा आवाज आला, "हे तीन कंद लाव. एकात तुझ्या आईचा श्वास आहे, एकात आवाज, एकात ऊब. चैत्रात फुलेल ते तुझं. मधेच उकरशील ते माझं."

मातीतून तीन कंद वर आले. पोरीनं ते लावले. आणि एवढ्या घरात एकटी राहिली बिचारी.

मग कार्तिकात, दिवेलागणीला, भुईतून आईचा आवाज आला. "बायजे, उकर गं. गुदमरतंय मला." बायजानं खुरपं उचललं. पण थांबली. म्हणाली, "माझी आई असं म्हणायची नाही. लावलेला कंद उकरला म्हणून तिनंच मला फटके दिलेत." भुईतला तो नुसता दातओठ खात राहिला.

मग पौषात, अगदी सकाळी. "बायजे, फार गारठा आहे गं इथं. नुसता हात तरी दे." बायजानं खुरपं विहिरीत फेकलं आणि कानांत बोटं घालून बसली. 

मग माघात, भर दुपारी... काहीच नाही. हाक नाही, रडणं नाही. बायजानं भुईला कान लावला. चिडीचूप. हे सगळ्यात वाईट, पोरांनो. खोट्या हाकेला उत्तर देता येतं, पण हाकच आली नाही तर काय करायचं? आई मेली तर नसेल? तिला राहवेना. तिनं नखांनी एका कंदावरची माती उकरली. आत पांढरा कोंब होता, जिवंत, थरथरणारा. तिनं घाबरून माती लोटली. पण व्हायचं ते झालं होतं.

चैत्र आला. पानांआधीच, नुसत्या भुईतून दोन फुलं वर आली, पांढरी-जांभळी. तिसरा कंद कुजला. भुई उघडली आणि भागू बाहेर आली. श्वास चालत होता. "बायजे" म्हणाली, तो आवाजही तिचाच. पण मिठी मारली, तर अंग विहिरीच्या दगडासारखं गार.

"आई, मी उकरलं गं," बायजा हुंदके देत म्हणाली.

"आणि मी शेवटचा कंद उपटला. चुकलो दोघीही. ये जवळ."

मग त्या रोज एकाच गोधडीत झोपू लागल्या. पोरीची ऊब दोघींना पुरली. भुईचा वाटा पुन्हा कधी चुकला नाही आणि मायलेकी सुखानं राहिल्या.

चला, मिटा डोळे आता. गणू, गोधडी ओढ. आणि शमे, सरक अशी माझ्याकडे, हातपाय गार पडलेत माझे.