विहिरीच्या काठावरचा परीक्षक

विहिरीबद्दल एवढं लिहिलं, मग विहिरीत उतरणाऱ्याला एका शब्दाने सांगायला काय जड होतं? मी हे सगळ्यांना विचारलं.

एकदा एक वृद्ध प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या गावी आले. याच मुलांनी छोटा संशोधन प्रकल्प म्हणून आमच्या बंद विहिरीतली हवा मोजली होती आणि निष्कर्षाचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लावला होता. त्यानंतर माझा दादा त्या विहिरीतला गाळ काढायला उतरला होता. त्याला दोराने ओढून काढावं लागलं होतं.

मी पुढच्या मुलाची गचांडी धरली. प्राध्यापकांनी मला आवरलं नाही. उलट सगळ्यांना विहिरीपाशी मातीत बसवलं, तोच कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "आज परीक्षक हा. वाच, बाळा."

मी सहावीतून शाळा सोडलेला. अडखळत वाचलं, "प्राणवायूचे प्रमाण निर्धारित पातळीहून न्यून आढळल्याने मनुष्यप्रवेश अनुचित."

"काय कळलं?"

"काय डोंबल कळणार! दादानेपण वाचला होता हा. म्हणाला, कॉलेजवाल्यांचं काहीतरी असेल."

एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, पण याच भाषेला तुम्ही शाबासकी दिली होती."

"दिली होती," वृद्ध म्हणाले. "तुमचं मोजमाप खरं होतं. पण तुम्ही लिहिलंत मला खूश करायला, आणि मी काही विहिरीत उतरणार नव्हतो. जो उतरणार होता, त्याच्यासाठी यात एक ओळ नाही. सत्य सापडलं, पण ते पोहोचलं नाही, तर ते विहिरीच्या तळाशीच राहिलं. आता लिहा. हा 'समजलं' म्हणेपर्यंत उठायचं नाही."

त्यांनी लिहिलं, मी फेकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फेकलं. ऊन उतरलं तेव्हा कठड्यावर लाल रंगाने ओळी उमटल्या : "आत उतरू नका. खाली श्वास घेण्यासारखी हवा नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि मरतो. इथे मेला..."

ब्रश थांबला. ज्याची मी गचांडी धरली होती, तोच मुलगा माझ्याकडे बघत होता. विचारायची त्याची छाती होत नव्हती.

"समजलं," मी म्हणालो.

आणि दादाचं नाव सांगितलं. गोरख एकनाथ शिंगाडे.