सगळ्यांच्या दारावरून जाणारा रस्ता

रानातही पंचायत भरायची, त्या काळची गोष्ट. उन्हाळा लागताच झरे आटले, तेव्हा टेकडीपलीकडच्या तळ्यापर्यंत रस्ता करायचं ठरलं. काम भिवा साळिंदराकडे आलं. त्याने आपल्या काट्याने मातीत सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "चार दिवसांत होईल."

"ही रेघ माझ्या बिळावरून जात नाही," घोरपड म्हणाली. "मग मी माती कशाला उकरू?"

रानातल्या श्रमदानाची रीतच तशी होती: ज्याच्या दारावरून रस्ता, त्यानेच माती उकरायची. भिवाने रेघ जरा वाकवली. ते पाहून ससा उठला, मग मुंगूस, मग आणखी कोण कोण. शेवटी वटवाघळानेही आपल्या झाडाखालून रस्ता मागितला.

"तुला तर पंख आहेत," भिवा म्हणाला.

"मला आहेत. माझ्या पाहुण्यांना नाहीत."

दोन महिन्यांनी रस्ता झाला. उद्घाटनाला कासवआजोबा पुढे आणि कोरड्या घशाने अख्खं रान मागे. ज्याचं दार यायचं तो थांबून सत्कार घ्यायचा. संध्याकाळी मिरवणूक वाजतगाजत, जिथून निघाली होती त्याच झाडाखाली परत आली.

"रस्ता झकास आहे," आजोबा म्हणाले. "एकही खड्डा नाही. तळं मात्र कुठे लागलं नाही."

भिवाने काट्याने डोकं खाजवलं. "तळ्याकडे कुणी राहत नाही, आजोबा. तिकडचा रस्ता मागितलाच नाही कुणी."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जुन्या काटेरी पायवाटेने पाण्याला निघाले.