बिरूचं औत

हिरेमाळला अजून एसटीची धूळ माहीत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात सिदगोंडा नावाचा शेतकरी होता. सगळे त्याला आण्णा म्हणत. एकदा तो गुळाची गाडी घेऊन शहरात गेला आणि तिथं त्यानं फुटबॉलचा खेळ पाहिला. दिवस मावळेपर्यंत तो मैदानाच्या कडेला उभा होता. घरी परतला तेव्हा रिकाम्या गाडीत एक चामड्याचा चेंडू होता, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं गायरानात पोरं गोळा केली. चेंडू पडला आणि गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी त्याला चिकटली. आण्णा डोक्याला हात लावून बसला. मग त्यानं त्यांना शेतातल्या जागा सांगितल्या. गोली म्हणजे माळ्यावरचा राखणदार, त्यानं पीक सोडून हलायचं नाही. बॅक म्हणजे बांध. हाफ म्हणजे पाट, मागचं पाणी पुढं न्यायचं. आणि डाव्या कडेचा तो लेफ्ट औत.

शहरात त्या जागेला लोक ‘लेफ्ट औट’ म्हणाले होते. आण्णाच्या कानाला ‘औत’ ऐकू आलं. तो पोरांना सांगायचा, “औत बांधाला लागल्याशिवाय रान नांगरून होत नाही. कडेनं पार टोकापातूर जायचं.”

ही जागा त्यानं बिरूला दिली. बिरू धनगराचा पोर, डाव्या पायाचा. त्याचा कळप पावसाळाभर हिरेमाळच्या माळावर असायचा आणि दिवाळी झाली की कोकणात उतरायचा.

“आण्णा, चेंडू समदा तिकडंच हाय. मी हितं उभारून काय करू?” बिरू कुरकुरला.

“वाट बघ.”

“कवापातूर?”

“येईस्तोवर. तू जागा सोडलीस तर चेंडूनं यायचं कुणाकडं, लेका?”

बिरू थांबायला शिकला. चेंडू आला की असा सुटायचा, की त्याच्या मागचं गवत बराच वेळ उठत नसे, असं म्हणतात. आण्णाला मूलबाळ नव्हतं. बिरू कडेनं धावू लागला की तो बांधावरून त्याच्याबरोबर धावायचा, धोतराचा सोगा हातात धरून.

दिवाळी झाली. कळप निघाला. बिरू मागं वळून ओरडला, “मिरगाला येतो, आण्णा! माझी जागा कुणाला देऊ नगा!”

“न्हाई देत, जा!”

मिरग आला. बाकीचे कळप आले. बिरूचा आला नाही. कुणी म्हणालं, घाटात दरड कोसळली. कुणी म्हणालं, कोकणात पटकीची साथ आली. आण्णा येणाऱ्या प्रत्येक कळपाला आडवा जाऊन विचारायचा, “बिरू हाय का?” धनगर मान हलवायचे.

दर नागपंचमीला पलीकडच्या वाडीशी सामना असायचा. आण्णा दहाच पोरं उतरवायचा. डावी कड मोकळी. गाव हरायचं. पाटील चिडून म्हणाले, “आण्णा, माझा नातू उभा कर की तिथं. शब्द दिलास तो बिरूला. पोर कुठाय?”

“जागा भरली तर त्यानं यायचं कुठं?” आण्णा म्हणाला.

असे बरेच पावसाळे गेले. आण्णाच्या डोळ्यांत सारा पडला, दिसेनासं झालं, तरी नागपंचमीला तो बांधावर येऊन बसायचाच. त्या साली वाडीचा एक आडदांड गडी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “आण्णा, आज नागपंचमी! आज औत धरत न्हाईत म्हणून डावी कड रिकामी व्हय?” वाडीची माणसं पोट धरून हसली. आण्णानं नुसता मैदानाकडं कान दिला.

खेळ संपत आला होता, दोन्हीकडं गोल नव्हता. चेंडू घरंगळत डाव्या कडेला गेला. आता बाहेर जाणार, एवढ्यात तो बांधापाशी थबकला. पायाखाली धरावा तसा. मग कडेकडेनं सुसाट निघाला, टोकाला जाऊन आत वळला आणि हिरेमाळच्या पोरानं तो नुसता ढकलला. गोल झाला. वाऱ्यावर ओल्या लोकरीचा वास आला, असं म्हणतात.

लोक धावत कडेला गेले. नागपंचमीला त्या पंचक्रोशीत कुणी नांगर धरला नव्हता, पण बांधालगत टोकापर्यंत नांगराचं ताजं तास पडलं होतं. आण्णा चाचपडत खाली उतरला. त्यानं तासातली माती मुठीत घेतली. ती कोमट होती.

“आलास व्हय रं?” तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, “थांबला का न्हाईस?”

पुढच्या मिरगाआधी आण्णा गेला.

हिरेमाळची पोरं आजही दहाजणांनिशीच खेळ सुरू करतात. चेंडू पहिल्यांदा डाव्या कडेला गेला की सगळी “औत!” म्हणून ओरडतात आणि मग अकरावा आत येतो. आणि खेळ चालू असताना माळावरून कळप जाऊ लागला, तर चेंडू थांबतो. डाव्या कडेचा पोरगा धावत जाऊन विचारतो, “बिरू हाय का?”

धनगरांनाही आता ते ठाऊक झालं आहे. कळपातला सगळ्यात म्हातारा काठी उंचावून मागची वाट दाखवतो.

“मागनं येतोय,” तो म्हणतो. “जागा ठेवा.”